बैलाच्या पोटातलं पाणी

दर दोन-तीन महिन्यांनी एखादं पोरगं वर्कशॉपात येतं. कोल्हापुरात मोरेवाडीच्या चित्रनगरीत नाहीतर गोरेगावला आर्ट डिपार्टमेंटमध्ये तीन-चार वर्षं काढलेली असतात, मालिकांच्या धावपळीला वैतागलेलं असतं. "दादा, मेटलमध्ये शिल्पं करायची आहेत." मी चहा सांगतो आणि विचारतो, तुझ्या कामाच्या मागच्या बाजूचा एखादा फोटो आहे का मोबाइलमध्ये? अजून कुणाकडेच निघालेला नाही. माझ्याकडेही नव्हता.

अकरा वर्षं मी सेट केले. तोफा, दरवाजे, सिंहासनं, देवळाचे कळस. प्लाय, थर्माकोल, फायबर, आत एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा. रात्रभर काम, सकाळी सातला शॉट. काही राहिलं की ठरलेलं उत्तर, "फ्रेममध्ये येत नाही, सोड." हे वाक्य हाडात मुरतं. सेट सुटला तरी ते सुटत नाही.

सेट सोडल्यावर पहिलं मोठं काम मिळालं ते पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका फार्महाऊसचं. सात फुटी बैल, मान खाली घातलेला, धडकेच्या तयारीत. मी खूश. सेटवर असले चार बैल केले होते. सोळा गेजचा, म्हणजे दीड एमएमच्या आसपासचा पत्रा वाकवला, तीन-तीन इंचांवर वेल्डिंगचे टाके मारले, मधल्या फटी गाडीवाल्यांच्या पुट्टीने भरल्या, घासलं, वर प्राइमर आणि रंग. मालक बोटाने ठोकून म्हणाले, "नाद खुळा!" मी पैसे घेऊन घरी.

जूनमध्ये पाऊस लागला. ऑगस्टमध्ये फोन आला, बैलाच्या काखेतून तपकिरी ओघळ येतोय. मी म्हटलं, रंगाचं असेल. ऑक्टोबरात गेलो आणि पोटाखाली अंगठा दाबला तर तो आत गेला. पापडासारखा पत्रा मोडला आणि बचकाभर गंजकं पाणी माझ्या चपलेवर.

आता हे नीट ऐका, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुट्टी म्हणजे जोड नव्हे. लोखंड उन्हात ताणतं, रात्री आकसतं. पुट्टीला केसाएवढी चीर जाते. तेवढी पावसाला पुरते. आणि समजा, चीर गेलीच नाही, तरी पोकळ पोटात हवा असते, हवेत ओल असते, पहाटे पत्रा गार पडला की आतून घाम सुटतो. ते पाणी सगळ्यात खालच्या जागी साठतं. तिथे तुम्ही रंग लावलेला नसतो, कारण ती जागा फ्रेममध्ये येत नाही!

म्हणून: जोड टाक्यांवर ठेवायचा नाही, सलग भरायचा. सोळा गेजवर सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, त्यासाठी तीन एमएम घ्या आणि एक तुकडा इकडे, एक तिकडे असं गार होऊ देत भरा. पोट बंद करण्याआधी आतून प्राइमर. आणि प्रत्येक पोकळीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला आठ-दहा एमएमचं भोक. प्रत्येक म्हणजे प्रत्येक; चार पाय म्हणजे चार भोकं. गॅल्व्हनाइझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा द्यायला काम पाठवणार असाल तर मग चालढकल नाहीच. तिथलं जस्त साडेचारशे अंशांचं असतं, बंद पोकळीत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि तुकडा फुटतो. जवळ उभा असलेला माणूस भाजतो.

बैल मी स्वखर्चाने पुन्हा केला. एका चौरस मीटरला तीन एमएम पत्रा साडेतेवीस किलो भरतो, त्यावरून किती खड्ड्यात गेलो असेन ते काढा. त्या वर्षी बायकोच्या पगारावर घर चाललं. अजून ते बोलताना घसा दाटतो.

घाबरू नका मात्र. सेटवाल्याकडे जे असतं ते कॉलेजातून आलेल्याकडे क्वचित असतं. छोट्या मॉडेलवरून मोठं माप काढणं, सांगाडा आधी डोळ्यापुढे उभा करणं, ठरल्या तारखेला काम देणं. हे तुम्हाला येतंच.

वेल्डिंग मात्र सेटपुरतं येतं, हे कबूल करा. कळंब्याच्या आयटीआयला वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिशीत पोरांबरोबर बसायला लाज वाटत असेल तर उद्यमनगरातला एखादा जुना फॅब्रिकेटर गाठा आणि सहा महिने ग्राइंडर मारा. 'मास्टरक्लास'वाल्या गुरूंबद्दल माझं मत वाईट आहे. दोन दिवसांत ते स्वतःचे फोटो दाखवतात. मला खरं शिकवलं ते वेल्डिंगच्या एका मिस्त्रींनी. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा मी वेल्डिंगच्या साध्या रॉडने जोडत होतो, ते न बोलता उभे राहिले, जोड गार झाल्यावर हातोडी मारली. टक्. जोड तसाच राहिला, शेजारी पाटाच तडकला. "भावा, पाटा कडक असतो. आधी तापवायचा, मग जोडायचा, मग राखेत हळू गार करायचा." भंगारातून शिल्प करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. बीड, म्हणजे ओतीव लोखंडही साध्या रॉडला दाद देत नाही, त्याला निकेल रॉड लागतो.

जस्त चढवलेला जीआय पाइप जोडून रात्री थंडी वाजून ताप आला तर तो जस्ताचा धूर. दूध प्या म्हणतील. दुधाने काही होत नाही. जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा आणि पंखा लावा.

दर किलोवर ठरवू नका. किलोवर जिना ठरतो, गेट ठरतं. अर्धे पैसे आधी घ्या; मालिकेसारखी नव्वद दिवस वाट बघायची सवय इथे आणू नका.

कावळा नाक्यावरून जाताना गाडी बाजूला लावा. शिल्पकार रवींद्र मेस्त्रींनी केलेला ताराराणींचा पुतळा समोरून सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुम्ही मागे जा. पुढचे पाय उचललेला घोडा आहे, भार मागे कुठे उतरवलाय तो बघा. मी अजून जातो.

बैल उभा आहे. दरवर्षी पहिल्या पावसाआधी मी तार घेऊन जातो आणि पायांची भोकं मोकळी करतो. यंदा मागच्या उजव्या पायात तार शिरेना. कुंभारीण माशीने मातीने तोंड लिंपून आत घर केलं होतं.