या चुका टाळा: सेन्को हानाबीचा गोळा अर्ध्यातच का पडतो

दर उन्हाळ्यात जपानमधल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर तीच तक्रार येते. सेन्को हानाबी, म्हणजे हातात धरून पेटवायची बारीक जपानी फुलबाजी, आणली, पेटवली, लाल गोळा तयार झाला आणि ठिणग्या सुरू व्हायच्या आतच टपकन खाली. मग सगळे म्हणतात माल खराब. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो हो! गोळा टिकणार की पडणार हे पेटवायच्या आधी आणि पहिल्या काही सेकंदांत ठरतं, आणि नेमकी तिथेच सगळ्यांना घाई असते.

फुलबाजीसारखी पेटवणे

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्या फुलबाजीला लोखंडी तार असते, कशीही धरा, फिरवा, ती जळतेच. इथे तार नाहीये, नुसता पीळ दिलेला पातळ जपानी कागद आणि टोकाला ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी दारू. ती जळून जो लाल गोळा बनतो तो वितळलेल्या क्षारांचा थेंब असतो आणि तो त्या कागदाला फक्त चिकटून लटकलेला असतो. हात हलला की गेला.

तोक्योत आराकावा नदीच्या काठावर एकदा आम्ही बरीच कुटुंबं जमलो होतो, तिथल्या निशी-कासाई भागात आपली माणसं भरपूर आहेत त्यामुळे पोरंटोरं पण खूप. एका मित्राने गॅस लायटर काढला, मोठी ज्योत, आणि चार-पाच काड्या एकत्र धरून सरळ मधोमध पेटवल्या. झालं काय, दारूच्या वरची जी बारीक मान असते ना, तीच आधी जळली. सगळे गोळे वाळूत. पोरं रडायला लागली, याने नवीन जुडगा काढला आणि परत तेच, वर म्हणतो "अरे, चायनाचा माल आहे, असाच असतो". मी त्याच पाकिटातल्या उरलेल्या काड्या घेतल्या, मेणबत्ती लावली, मुलांना उकिडवं बसवलं आणि एकेक करून पेटवायला दिली. शेवटच्या बारीक ठिणग्यांपर्यंत टिकल्या. पाकीट तेच होतं.

माझी पद्धत अशी. कोरड्या बोटांनी दारूच्या किंचित वरचा भाग हलकेच पिळून घट्ट करायचा, मान मजबूत होते. मेणबत्ती वाऱ्याच्या आडोशाला, बकेटमागे किंवा डब्यात. फक्त खालचं टोक ज्योतीच्या कडेला लावायचं आणि पेटलं की लगेच बाजूला घ्यायचं. मग थांबायचं. ज्योत विझून गोळा गोल होईपर्यंत बोलायचं नाही, फोटोसाठी वळायचं नाही, काही नाही. गोळा थरथरायला लागला की काडी साधारण ४५ अंशात तिरकी करायची, म्हणजे त्याला कागदाचा जास्त आधार मिळतो. काही लोक शेवटपर्यंत सरळ खालीच धरतात, मला ते पटत नाही.

दोन प्रकारांची गल्लत

हे तर जपानमध्ये दहा वर्षं राहिलेल्यांना पण माहीत नसतं. सेन्को हानाबी दोन प्रकारची. कागदाची म्हणजे नागाते, ती तोक्योकडच्या कान्तो भागातली, आणि भाताच्या पेंढ्याच्या काडीची म्हणजे सुबोते, ती ओसाका-क्योतोकडच्या कान्साईतली. तिकडे भातशेती म्हणून पेंढा मुबलक, इकडे कागद बनवणारे जास्त, असं त्याचं कारण सांगतात. सुबोते हीच जुनी. कागदाची खाली लोंबती धरायची, पेंढ्याची टोक तिरकं वर करून. पेंढ्याची खाली धरलीत तर ज्योत काडीवर चढते आणि खेळ लगेच संपतो. ओळखायला सोपं आहे, रंगीत पिळाचा कागद असेल तर खाली, कडक काडी आणि टोकाला काळा लेप असेल तर वर. आता सुबोते बनवणारे जवळजवळ उरलेच नाहीत, फुकुओकाच्या मियामा शहरात त्सुत्सुई तोकिमासा ही कंपनी अजून बनवते. १९९० च्या दशकात स्वस्त चिनी मालामुळे जपानी सेन्को हानाबी जवळजवळ संपली होती, त्यामुळे हातात मिळाली तर नीट धरा ना, कोणीतरी हाताने बनवलेली असते ती.

बाकीच्या

रुंद रंगीत टोक पेटवणे. अहो, ती मूठ आहे.

दोन गोळे एकमेकांना चिकटवणे. दिसायला भारी वाटतं, पण जड गोळा आधी पडतो.

ओल. त्सुयूच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, पावसात बाल्कनीत ठेवलेलं पाकीट गेलं समजा. मी झिपवाल्या पिशवीत सिलिका जेल टाकून कपाटात ठेवते, गॅसपासून लांब.

मध्येच "संपली" म्हणून टाकून देणे

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. हिच्यात टप्पे असतात. आधी कळी म्हणजे नुसता लाल गोळा, मग बोतान म्हणजे पिओनीचं फूल, एकेक जोरदार ठिणगी. मग मात्सुबा, पाइनच्या सुयांसारखा चहूकडे स्फोट, मग यानागी, विलोच्या फांद्यांसारख्या खाली झुकणाऱ्या रेषा, आणि शेवटी चिरिगिकु, गळणाऱ्या शेवंतीच्या पाकळ्या. कळी आणि बोतानच्या मध्ये क्षणभर काहीच होत नाही, आणि अधीर माणूस तिथेच काडी झटकतो. त्या शांत वेळात गोळ्याच्या आत वायूचे बुडबुडे तयार होत असतात, ते फुटले की बारीक थेंब उडतात, आणि ते थेंब हवेत परत फुटतात म्हणून ठिणगीला फांद्या येतात. तोक्यो विद्यापीठाच्या लोकांनी हे हाय-स्पीड कॅमेऱ्याने टिपून २०१७ साली मांडलं. त्याच्या कितीतरी आधी भौतिकशास्त्रज्ञ तेरादा तोराहिको आणि त्यांचे विद्यार्थी नाकाया उकिचिरो, तेच ज्यांनी १९३६ मध्ये लॅबमध्ये पहिल्यांदा हिमकण बनवला, या काडीच्या मागे लागले होते. एवढी मोठी माणसं थांबून बघत होती, आपण काही सेकंद थांबू शकतो.

आणि हो, पडलेला गोळा शेकडो अंश तापलेला असतो, मुलांना चपलांऐवजी बूट घाला. पाण्याची बकेट आधी भरा, मेणबत्ती नंतर. पार्कचा बोर्ड वाचा, कित्येक ठिकाणी फटाके पूर्ण बंद आहेत. जळलेल्या काड्या रात्रभर पाण्यात ठेवून मगच कचऱ्यात टाका, कोणत्या दिवशीच्या ते आपल्या वॉर्डच्या कॅलेंडरवर बघा.