अडेनियम: पाणी घालण्याआधी बुंधा दाबून बघा

"मावशी, मी रोज पाणी घालते तरी पानं पिवळी पडून गळतायत."

"रोज घालतेस म्हणूनच गळतायत गं. आधी कुंडीखालची बशी काढ."

भाचीला वास्तुशांतीला कुणीतरी अडेनियम भेट दिलं होतं. त्या दिवशी फोनवर तिला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहिते आहे. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेला तोंड असलेली आमची गॅलरी आहे आणि तिच्या ग्रिलमध्ये माझी अकरा अडेनियमं आहेत. सगळ्यात जुनं नऊ वर्षांचं. ही झाडं उन्हानं मेलेली मी पाहिली नाहीत. पाण्यानं मेलेली मात्र पाहिली आहेत.

या झाडाचा बुंधा कांद्यासारखा फुगलेला असतो, म्हणून पुष्कळ जण त्याला कंद म्हणतात. तो कंद नाही. खोडाचा तळ आणि वरची मुळं जाड होऊन तो आकार येतो आणि त्यात पाणी साठलेलं असतं. हे मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं झाड. येमेनमधल्या एडनवरून त्याला अडेनियम नाव पडलं. महिनोन्‌महिने पाऊस नाही अशा मुलखात जगायचं म्हणून त्यानं पोटातच टाकी बांधून घेतली. ती टाकी भरलेली असताना वरून आणखी पाणी ओतलं, की मुळं कुजायला लागतात.

म्हणून पाणी घालण्याआधी अंगठ्यानं बुंधा दाबायचा. कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर पाणी नको. सगळीकडून सारखाच किंचित मऊ लागला आणि माती दोन पेरं खोल कोरडी असली, तर झाड तहानलेलं आहे. मग भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. पण एकाच जागी अंगठा रुतला आणि बाकीचा बुंधा टणक असला, तर ती कूज. हा फरक बोटांना कळायला महिनाभर लागतो, पण तेवढा द्याच. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये आठ इंची कुंडीला दोन-तीन दिवसांआड पाणी लागतं, डिसेंबर-जानेवारीत बारा-पंधरा दिवसांनी एकदा. थंडीत पानं गळाली तर घाबरू नका, झाड विश्रांती घेतं. पुणे-नाशिककडे कडाक्याच्या थंडीत ते पार बोडकं होतं. त्या वेळी पानं नाहीत म्हणून कळवळून पाणी घालत बसू नका.

माती हा यातला अर्धा विजय. नर्सरीतून आलेलं झाड बहुधा चिकट लाल मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, ते आमच्याकडच्या पावसात टिकत नाही. मी बांधकामाची जाड वाळू चाळून, धुऊन दोन भाग घेते. एक भाग हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे आणि एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. वर मूठभर कोळशाचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडी भरून झाली की एक मग पाणी ओतून बघा. पाणी वर तळं करून थांबलं तर वाळू कमी पडली आहे, पुन्हा मिसळा. कुंडी पसरट, उथळ आणि शक्यतो मातीची घ्यावी. खाली बशी ठेवूच नका. फरशी ओली होईल ती पुसून घ्या.

कुंडी बदलायची फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये. दर खेपेला झाड आधीपेक्षा बोटभर वर बसवायचं, म्हणजे मातीत दडलेली जाड मुळं उघडी पडतात आणि बुंध्याला ते डौलदार रूप येतं. ही नव्यानं उघडी पडलेली मुळं उन्हाला सरावलेली नसतात, आठवडाभर त्यांच्यावर जुनं सुती फडकं टाका. लावल्यावर पाच-सहा दिवस पाणी अजिबात नको, तुटलेली मुळं आधी सुकू देत. छाटणीही याच दिवसांत करते. फांद्या धारदार कात्रीनं कापते, प्रत्येक कापापाशी दोन-तीन फुटवे येतात आणि दीड-दोन महिन्यांत त्यांच्या टोकाला कळ्या धरतात. फुलं नव्या फुटव्यावरच येतात, त्यामुळे छाटायला जीव कचरला तर फुलं कमीच मिळणार. ऊन मात्र रोज पाच-सहा तास तरी हवंच. ते नसेल तर कुठलंही खत घालून उपयोग नाही. खत मी हलकंच देते, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), वीस दिवसांतून एकदा आणि तेही वाढीच्या दिवसांतच.

कापताना पांढरा चीक निघतो. तो विषारी आहे. अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातलं आणि आफ्रिकेत काही ठिकाणी याचा चीक बाणाच्या टोकांना लावत असत. हातमोजे घाला, तो हात डोळ्यांना लावू नका आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.

आता पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या सगळ्या कुंड्या ग्रिलमधून आत, छपराखाली येतात. एका जुलैत आम्ही आठ दिवस चिपळूणला गेलो होतो आणि शेजारच्या काकूंनी मायेनं रोज सगळ्यांना पाणी घातलं. परत आले तेव्हा दोन झाडांची पानं लोंबत होती. सात वर्षांच्या गुलाबीचा बुंधा दाबला तर अंगठा पेराएवढा आत गेला आणि आंबूस वास आला. झाड उपटलं, सुरी स्पिरिटनं पुसली आणि खालून चकत्या कापत गेले. निरोगी गर मुळ्यासारखा पांढराशुभ्र असतो. इथे तपकिरी रेघ प्रत्येक चकतीत पुढे पुढेच जात होती, पार फांदीपर्यंत. ते झाड गेलं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्याची कूज मात्र एका कडेलाच होती. पांढरा गर लागेपर्यंत कोरलं, जखमेत बुरशीनाशकाची पूड भरली आणि झाड मातीविना, वर्तमानपत्रावर आडवं, पंख्याच्या वाऱ्यात बारा दिवस ठेवलं. जखमेवर बुचासारखी कोरडी साल धरल्यावरच कोरड्या मिश्रणात लावलं. आज त्याच्या एका अंगाला खड्डा आहे, पण ते दर मार्चला फुलतं.

पावसाळ्यात फरशीवर मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या, तर पानांच्या खाली बघा. बोटाएवढा जाड हिरवा सुरवंट असतो, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके, शेपटीला इवलंसं शिंग. एका रात्रीत फांदी साफ करतो. फवारा मारायची गरज नाही, पानासकट उचलून मी त्याला सोसायटीच्या आवारातल्या कण्हेरीवर सोडते, तेही त्याचंच अन्न. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपून घ्या आणि नंतर निंबोळी तेल फवारा.

फांदी लावूनही झाड जगतं, पण त्याला बियांच्या झाडासारखा गोल बुंधा येत नाही. म्हणून शेंग धरली तर सोडू नका. बैलाच्या शिंगांसारखी जोडशेंग येते, ती पिकत आली की दोऱ्यानं सैलसर बांधून ठेवा, नाहीतर एका दुपारी उकलून दोन्ही टोकांना म्हातारीसारखे केस असलेल्या बिया वाऱ्यावर उडून जातात. ताजं बी ओलसर वाळूवर आडवं ठेवून वर जेमतेम झाकेल एवढं मिश्रण भुरभुरवा. चार ते आठ दिवसांत कोंब येतो. दोन पानं उघडायच्या आधीच त्याचा देठ तळाशी फुगलेला असतो, भिजलेल्या मुगाएवढा. भाचीला दिवाळीत अशीच तीन रोपं दिली, बशी न देता.