रॅटचं मार्किंग ओळखायचंय? आधी पोट बघा

माझी चूक आधी सांगते. माझी पाळलेली रॅट (घरात पाळतात तो मोठा उंदीर) काजळ, आणली तेव्हा पाच आठवड्यांची होती, पाठ काळीकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, आणि मी वहीत सरळ लिहून टाकलं "काळी सेल्फ, डोक्यावर ठिपका", सेल्फ म्हणजे अंगभर एकच रंग. कमरेवर चार-दोन पांढरे केस दिसत होते ते मला बेडिंगचा, म्हणजे पिंजऱ्यात अंथरतात त्याचा, कचरा वाटला आणि मी चक्क फुंकर मारून उडवायला बघत होते. पोट उलटून बघितलंच नाही. पुढे प्रत्येक वेळी केस गळून नवीन आले की ती जास्त जास्त पिकत गेली, आणि वर्षभरात आमची काजळ राखेच्या रंगाची झाली. ती पहिल्यापासून रोन होती, म्हणजे वयाबरोबर रंगात पांढरे केस मिसळत जाणारी, काही जण हस्की म्हणतात, आणि पोट बघितलं असतं तर तेव्हाच संशय आला असता कारण ते गळ्यापासून शेपटीपर्यंत पांढरं होतं.

तर सुरुवात इथून करा की रंग वेगळा आणि मार्किंग वेगळं. काळा, अगूटी, बेज हे रंग. अगूटी म्हणजे रानातल्या उंदरासारखा तपकिरी, एकच केस नीट बघितला तर त्याच्यावर वेगवेगळ्या रंगाचे पट्टे असतात. पांढरा कुठे आहे आणि रंग कुठे थांबतो ते मार्किंग. केस कुरळे असले तर रेक्स, कान खाली बाजूला आणि गोल मोठे असले तर डंबो, पण याचा मार्किंगशी काही संबंध नाही. "माझी रॅट डंबो आहे की हूडेड" असं विचारणारे खूप असतात, अहो दोन्ही असू शकते ना, डंबो हे कान आणि हूडेड हे मार्किंग (ते पुढे सांगते).

आता बघायचं कसं. तीन बाजूंनी, वरून, समोरून आणि खालून. पोट बघण्यासाठी शेपटीला धरून उचलू नका, कधीच नाही, शेपटीची कातडी सोलून हातात येऊ शकते. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. तरी वळवळली तर सगळ्यात सोपं म्हणजे स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, तिला त्यात बसवा, डबा उचलून खालून फोटो काढा. पाच सेकंदांचं काम, तिलाही त्रास नाही.

पाठ पूर्ण रंगीत असेल तर प्रश्न सगळा पोटाचा आहे. पोटही रंगीत, पांढरं काही नाही, तर सेल्फ. छातीवर पुढच्या पायांच्या मधे पांढरा त्रिकोण आणि पावलं पांढरी, तर आयरिश. आणि इथेच लोक भांडतात कारण हे ब्रिटनमधलं नाव आहे, अमेरिकेत याच त्रिकोणाला इंग्लिश आयरिश म्हणतात आणि पोटावर पांढरा डाग असला की तिथे ती आयरिश. दोघंही आपापल्या जागी बरोबर, तुम्ही कुठली पद्धत धरलीय तेवढं सांगा म्हणजे झालं. छाती-पोट सगळं पांढरं, मागची पावलं घोट्यापर्यंत पांढरी, शेपूट साधारण अर्धी पांढरी, तर बर्कशायर. नुसती पाठ बघितली तर सेल्फ आणि बर्कशायरमध्ये काडीचा फरक दिसत नाही म्हणून तर मी पोट पोट करतेय. बाजूंचा रंग खाली येताना हळूहळू फिका होत पोटात विरून जात असेल, कडक रेघ नसेल, तर ती एसेक्स.

पाठीवर पांढरं जास्त असेल तर हूडेडच्या घरात या. डोकं, गळा, छाती, खांदे रंगीत, जसं काही टोपडं (हूड) घातलंय, आणि तिथून मणक्यावरून शेपटीपर्यंत एक पट्टा, त्याला सॅडल म्हणतात. रॅटच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे शोमध्ये, तो पाव ते अर्धा इंच रुंद आणि अखंड हवा असतो, घरातल्या रॅटचा पट्टा मात्र तुटक, वाकडा, मधेच ठिपक्यांचा असाच असतो, त्याने काही बिघडत नाही. पट्टा अजिबात नाही, फक्त टोपडं, तर बेअरबॅक. रंग कानाच्या मागेच संपला आणि हनुवटीखाली पांढरं, तर कॅप्ड. अंगभर रंगाचे तुकडे विखुरलेले आणि कपाळावर पांढरं, तर व्हेरिगेटेड. कपाळावर नाकाकडून वर चढणारा पाचरीसारखा पांढरा पट्टा म्हणजे ब्लेझ, आणि तो दुसऱ्या कुठल्याही मार्किंगबरोबर येऊ शकतो. एक उलटा प्रकारही आहे, डाउन अंडर, त्यात पांढऱ्या पोटावरच रंगाचे ठिपके किंवा पट्टा असतो, आणि तो तर पोट बघितल्याशिवाय कळणारच नाही.

हे पांढरं नेहमी पोट, पावलं, शेपटीचं टोक, कपाळ इथेच का? कारण रंग बनवणाऱ्या पेशी पिल्लू पोटात असताना पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि सगळीकडे पसरत जातात. ज्यांच्यात त्या कमी निघतात किंवा उशिरा पोचतात त्यांच्यात लांबची टोकं कोरी राहतात. हूडेडमध्ये किट नावाच्या जीनमध्ये एका जुन्या व्हायरसचा तुकडा घुसलेला असतो, हे 2012 साली जपानी संशोधकांनी दाखवलं. पण पट्टा रुंद की बारीक हे एकट्या त्या जीनवर नाही. अमेरिकेतल्या विल्यम कॅसल या आनुवंशिकता अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हूडेड उंदीर पिढ्यान्पिढ्या निवडून एका बाजूला जवळपास पूर्ण काळ्या पाठीचे आणि दुसऱ्या बाजूला फक्त डोक्यावर रंग उरलेले असे दोन गट तयार केले. आधी तो म्हणत होता की हूडेडचा जीनच बदलतोय, मग दोन्ही गट रानटी उंदरांशी जोडून बघितल्यावर 1919 मध्ये त्यानेच मान्य केलं की बदलतायत ते आजूबाजूचे दुसरे जीन. मला हा माणूस आवडतो, चूक कबूल करणारा. म्हणूनच एकाच पिलावळीतल्या दोन हूडेड बहिणींचे पट्टे जुळत नाहीत.

सयामीज आणि हिमालयन हे वेगळं प्रकरण. इथे रंग थंडीवर चालतो, म्हणजे रंग बनवणारं एन्झाइम उबेत नीट काम करत नाही म्हणून नाक, कान, पाय, शेपूट असे गार भागच गडद होतात. अंग बेज आणि गडद रंग हळूहळू चढत जाणारा तर सयामीज, अंग पांढरं तर हिमालयन. दोन हिमालयनची पिल्लं काढली तर साधारण अर्धी हिमालयन, पाव सयामीज आणि पाव पूर्ण अल्बिनो निघतात. आणि अल्बिनोला मार्किंग काय असं विचारू नका, तिच्या आत हूडेड लपलेलं असू शकतं, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढलेलं चित्र आहे ते.

पिल्लांचं बघायचं तर जन्मतः ती नुसती गुलाबी असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कातडीखाली रंगाची सावली यायला लागते आणि केस नसल्यामुळे हूडची कड तेव्हाच सगळ्यात स्वच्छ दिसते. आईला जास्त डिवचू नका, एक फोटो काढून परत ठेवा. सेल्फ, बर्कशायर, हूडेड तेव्हाच ठरतं. पण रोन आणि पॉइंट्सवाल्यांचं (गडद नाक-कान-पाय-शेपूटवाल्या सयामीज, हिमालयन) लिहायला निदान दोन-अडीच महिने थांबा.

मार्किंग नसलेल्या गोष्टीही ओळखा. डोळ्याभोवती किंवा नाकावर लालसर डाग म्हणजे पोर्फिरिन, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं, रक्त नाही, पण सारखं दिसलं तर ताण किंवा आजार, डॉक्टरांना दाखवा. नरांच्या पाठीवर नारिंगी-पिवळट तेलकट थर येतो. काळ्या रॅटचे केस गळायच्या आधी तपकिरी पडतात, गंजल्यासारखे. दुसऱ्या रॅटने चाटून-चावून केस काढले की टक्कल दिसतं, तेही पॅटर्न नाही.

एक गंभीर गोष्ट, ब्रीडिंगचा विचार असेल तर. रंगाच्या पेशी जिथून निघतात तिथूनच आतड्याचे मज्जातंतूही येतात, त्यामुळे काही खूप पांढऱ्या, ब्लेझवाल्या घराण्यांत मेगाकोलन, म्हणजे आतडं पुढे ढकलत नाही आणि फुगतं असा आजार, निघतो. पिल्लू आईच्या दुधावरून घट्ट खाण्यावर आलं, तीन-चार आठवड्यांचं झालं, की पोट ढोलासारखं फुगतं आणि शी होत नाही. ब्लेझ सुंदर दिसतो म्हणून दोन ब्लेझवाल्या जोडू नका, आई-वडिलांच्या आधीच्या पिलावळीत असं काही झालं होतं का ते आधी विचारा.

आणि वहीत तारीख टाकून तीन फोटो चिकटवा, वरून, समोरून, खालून, दर महिन्याला. काजळच्या पहिल्या पानावर अजून "काळी सेल्फ" असंच आहे, मी खोडलं नाही, नुसता बाण काढून शेजारी राखाडी काजळचा फोटो लावलाय.