कोशेर पाळून गोव्यात वजन कमी करताना

कोशेर, म्हणजे यहुदी धर्माचे खाण्यापिण्याचे नियम, पाळले म्हणजे वजन आपोआप उतरते, असे नाही. मांसाच्या जेवणात दूध, दही, तूप चालत नसल्यामुळे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, स्वयंपाकात त्यांची जागा नारळाच्या रसाने घेतली आहे, आणि गोव्यात नारळ तर हाताशीच असतो. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात, प्रथिनांच्या किंवा कर्बोदकांच्या एका ग्रॅममध्ये ४. म्हणून भात तोडण्याआधी रस्सा पाहावा. पहिला दाट रस सणासाठी राखून ठेवावा, रोजच्या रश्शाला दुसरा पातळ रस वापरावा, आणि जेवणाच्या शेवटी नारळ न घालता केलेली सोलांची फुटी कढी घ्यावी.

रोजच्या ताटाचा आधार मासळी असावी, असे माझे ठाम मत आहे. पर व खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो, त्यामुळे कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, माकूल, मोरी आणि शिंगाळा बाद होतात. बांगडा, तारली, मोडसो, चणक मात्र चालतात. बांगड्याचे खवले बारीक असतात. शेपटीकडून डोक्याकडे नख फिरवले की ते नखाला लागतात, आणि कातडी न फाटता सुटतात हीच कसोटी आहे. पाण्याबाहेर काढताना ते गळून पडले असले, तरी मासा वर्ज्य ठरत नाही. सोलून तुकडे केलेली मासळी घेऊ नये, कारण मग ओळख पटवायला काहीच उरत नाही. शिवाय बाजारातल्या विळीवर आधी कोळंबीही साफ झालेली असते, म्हणून मासा अख्खा आणून घरच्या सुरीने कापावा. रवा लावून तळण्याऐवजी तिरफळे घालून शिजवावा किंवा तव्यावर थेंबभर तेलात भाजावा.

मांस यहुदी धर्माच्या रीतीने शास्त्रोक्त कापलेलेच हवे. ते अर्धा तास भिजवून, तासभर मिठात ठेवून धुतले जाते, तेव्हा शिजवताना मीठ हात राखून घालावे. रक्तदाब असणाऱ्यांनी तर ही काळजी घ्यावीच. मांसानंतर दुधाचे काही घेण्याआधी अनेक घरांत सहा तास थांबतात. दुपारी एकला कोंबडी खाल्ली, की दुधाचा चहा आणि आईस्क्रीम संध्याकाळी सातपर्यंत बाजूला राहतात. हा वेळ फरसाणाने भरून काढला, तर फायदा गेला. भूक लागल्यास काकडी किंवा एखादे फळ पुरेसे आहे.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी स्वयंपाक होत नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच भाज्यांचाही एक पदार्थ करून ठेवावा, नाही तर सगळी भूक मांसावर आणि गोडावर जाते. योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, सुमारे २५ तासांचा उपास वजन उतरवण्यासाठी नाही. मधुमेहावर औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. जिवाला धोका असल्यास खाण्याची आज्ञा धर्मच देतो. एरवी आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुरे मानावे.

१ जून ते ३१ जुलै या काळात गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि मासळी महागते. त्या दिवसांत मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे करावे, त्यावर मूठभर खोबऱ्याऐवजी चमचाभरच घालावे. सोबत तांबडी भाजी असेल, तर पावसाळ्यात तिच्या पानांत किडे फार असतात आणि तेही निषिद्ध आहेत. म्हणून पाने सुटी करून मिठाच्या पाण्यात बुडवावीत, वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि एकेक पान उजेडात धरून पाहावे.