शिक्षक असलेल्या श्रद्धाळू वडिलांवर स्मरणलेख लिहिताना
लिहायला बसण्यापूर्वी वडिलांचे रोजच्या वाचनातले बायबल उघडावे आणि त्यातली अधोरेखित वचने, समासातल्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात, कारण त्यांची श्रद्धा कोणत्या प्रसंगी कशावर विसावली होती हे त्या खुणाच सर्वांत प्रामाणिकपणे सांगतात. ‘ते प्रेमळ होते’ असे लिहिण्याऐवजी, विद्यार्थी नापास झाल्यावर वडील त्याला काय म्हणाले हे एखाद्या माजी विद्यार्थ्यालाच विचारून त्याच्याच शब्दांत द्यावे. लेख चर्चमधल्या उपासनेत वाचायचा असल्यास बायबलमधले स्तोत्रसंहिता 23 (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) किंवा 2 तीमथ्य 4:7, जिथे प्रेषित पौल धाव संपवून विश्वास राखल्याचे सांगतो, यांपैकी एकच उतारा घ्यावा; दोन्ही घेतले की लेखाचे प्रवचन होते. त्यांचा रागीटपणा मात्र वगळू नये. मजकूर मोठ्याने वाचून पाहावा आणि आवाज अडेल तिथे वाक्य लहान करावे.