अस्तर भिजवलं का? बारा महिन्यांच्या कपाटातल्या या चुका टाळा

आपल्याकडे कपड्यांची मोठी खरेदी वर्षातून दोनदा होते, दिवाळीला आणि लग्नसराईत. दोन्ही वेळा पाऊस डोक्यात नसतो, त्यामुळे पावसाळ्यात काय घालायचं हा प्रश्न यादीत येतच नाही. मुंबईत मॉन्सून साधारण ११ जूनला दाखल होतो आणि सप्टेंबर संपत आला तरी मुक्काम हलवत नाही. वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा हा, आणि त्याच्यासाठी ठरवून घेतलेला एकही कपडा कपाटात नसतो. मग जुलैत दिवाळीचा सिल्कचा कुर्ता ऑफिसला निघतो आणि ऑगस्टमध्ये त्यावर बुरशीचे ठिपके येतात.

निवड चुकल्यामुळे वाया गेलेले कपडे तसे थोडेच. बहुतेक कपडे बिघडतात ते कापड घरी आल्यानंतर, घाईमुळे. म्हणून रंगसंगतीच्या गप्पांआधी बादली, शिंपी आणि कपाटाचं बोलू.

कापड भिजवलं, अस्तर विसरलं

इतकी साधी, इतकी महागात पडणारी आणि इतक्या वेळा होणारी दुसरी चूक नाही. लग्नसराईतला नेहमीचा प्रसंग घ्या. मंगळगिरी कॉटनचं अडीच मीटर कापड हौसेने घेतलं जातं. आईने बजावलेलं असतं म्हणून ते रात्रभर भिजतं, वाळतं, इस्त्री होते. शिंप्याकडे जाताना वाटेत मॅचिंगच्या दुकानातून दोन मीटर सुती अस्तर घेतलं जातं आणि ते खळीसकट, घडीसुद्धा न मोडता, शिंप्याच्या टेबलावर जातं. हळदीला कुर्ता झकास दिसतो. पुढच्या आठवड्यात पहिली धुलाई होते. दोरीवरून उतरवताना लक्षात येतं की समोर पोटावर फुगा आलाय, बाजूच्या शिलाया वर ओढल्या गेल्यात आणि साइड कटच्या टोकाशी कापड चुण्यांत गोळा झालंय. इस्त्री दाबून फिरवली की चुण्या जातात, दहा मिनिटं अंगावर राहिला की परत येतात. मग सगळा दोष शिंप्याच्या माथी.

शिंप्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात. पहिल्या पाण्यात तो ताण सुटतो, खळ निघते आणि कापड लांबीत आत येतं. न आटवलेलं सुती कापड सहज ३ ते ५ टक्के आटतं. ४४ इंची कुर्त्याला ४ टक्के धरले तर पावणेदोन इंच झाले. वरचं कापड आधीच आटून बसलेलं, आतलं अस्तर आता पावणेदोन इंचांनी आखूड, आणि दोन्ही खांद्यात, मुंढ्यात, बाजूंच्या शिलाईत एकत्र पकडलेली. मग वरच्या कापडाने जायचं कुठे?

‘सॅन्फोराइज्ड (गिरणीतच आटवलेलं) आहे, आटत नाही’ असं दुकानात सांगतात. वरच्या कापडाबाबत ते खरंही असू शकतं. तरी भिजवा, अस्तर तर हमखास भिजवा. बादलीत साधं गार पाणी, साबण नाही, कापड पूर्ण बुडलेलं, किमान ६ ते ८ तास. गडद रंग वेगळ्या बादलीत. काढल्यावर पिळायचं नाही. हाताने दाबून पाणी काढायचं आणि सावलीत सरळ टांगायचं. थोडी ओल असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करायची. कापड घेतानाच पाव मीटर जास्त घ्या, म्हणजे आटल्यावर उंची कमी पडत नाही. आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंची पन्ह्यात अडीच मीटरमध्ये होणारा कुर्ता ३६ इंची पन्ह्यात होत नाही. खण तर पारंपरिकपणे अरुंद पन्ह्यातच येतो, त्याचं गणित शिंप्याला विचारूनच करा.

खणात किंवा कापडात रेशीम असेल, मग ते खरं असो वा आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम, तर ते बादलीत टाकू नका. उलट्या बाजूने वाफेची इस्त्री पुरते. अस्तर मात्र तेव्हाही भिजवायचंच, कारण घामाने आणि वाफेने तेही हळूहळू आटतं.

बिघडलेला कुर्ता बऱ्याचदा वाचतो. कंबरेखालच्या दोन्ही बाजू उसवा, अस्तर मोकळं करा, कंबरेखाली चार इंचांवर कापून कड दुमडा आणि बाजू पुन्हा शिवून घ्या. खालचा सगळा ओढा संपतो. छातीपाशीही ओढ राहिली असेल तर अस्तर पूर्ण काढून आत स्लिप घालणं बरं. ‘उद्याच हवंय’ म्हणून कोरडं कापड शिवायला देणाऱ्यांनी रेडिमेड घ्यावं. एका रात्रीचा धीर नसेल तर शिवून घेण्यात पैसे घालू नयेत.

साडीच्या फॉलचंही हेच. कोरा फॉल लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीची खालची कड लाटांसारखी वर येते. सुती फॉल रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, इस्त्री करून मगच फॉल-पिकोला द्यायचा. पैसा खर्च होत नाही, फक्त एक रात्र जाते.

शिलाईत माया नाही

ब्लाउज आणि कुर्त्याच्या बाजूंना आत किमान एक-एक इंच माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जादा कापड, ठेवायला सांगा, बाहीच्या दुमडीत वेगळा एक इंच. वजन दोन-चार किलो इकडेतिकडे झालं तरी कपडा चालतो, आणि फॅशन बदलली की बाही लांब करता येते. पँटच्या खालच्या दुमडीत दोन इंच माया असेल तर घोट्यावरची पँट परत पायापर्यंत आणता येते. कपाट ताजं ठेवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच आहे, आणि नेमका तोच कात्रीने कापून शिंप्याच्या चिंध्यांत जातो.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत

लाँड्रीतून आलेलं कव्हर तसंच ठेवून साडी कपाटात जाते. दिसायला नीटनेटकं वाटतं. पण त्या कव्हरात इस्त्रीची वाफ कोंडलेली असते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक हवा मिळते, आणि कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याच्याही वर असते. सप्टेंबरमध्ये गौरींसाठी पिशवी उघडली की आधी कुबट वास येतो. मग घडीच्या रेषेवर जरीचा धागा काळपट दिसतो. जरीत चांदी असेल तर ती हवेतल्या गंधकाच्या वाफांनी काळवंडते. जरीचा धागा नकली, तांब्याचा असेल तर ओलीने तो आणखी लवकर खराब होतो. ते काळेपण घासून जात नाही. घासलं तर वरचा मुलामा जातो आणि आतला धागा उघडा पडतो.

मेच्या शेवटच्या पंधरवड्यात हे काम उरका. सगळं बाहेर काढा. घामाचा किंवा जेवणाचा डाग असलेला एकही कपडा आत ठेवू नका, कारण कसर आधी तिथेच लागते आणि डाग वर्षभरात पिवळा होऊन कायमचा बसतो. सुती साड्यांची खळ धुऊन टाका, कसर खळीवरही येते. रेशमी साड्या सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास मोकळ्या ठेवा. ऊन लावलं तर रंग उडतो. मग प्रत्येक साडी जुन्या, धुतलेल्या, पांढऱ्या मलमलच्या कापडात गुंडाळा. पदर आत. दर तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर जरीचा धागा आणि रेशीम चिरतं.

डांबराच्या गोळ्या साडीच्या घडीत ठेवू नका. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. म्हणून पुरचुंडीत बांधून कपाटात वर टांगा. एका कपाटात दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या कधीच नकोत, एकत्र आल्या की पाझरून डाग पाडतात. गोळ्या नको असतील तर वेखंडाची पावडर पुरचुंडीत ठेवा, घरोघरी चालत आलेला उपाय आहे. जरीला ती टेकू देऊ नका. अत्तर किंवा परफ्यूम साडीवर मारू नका, अंगावर लावा आणि वाळल्यावर साडी नेसा.

बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा. भिंतीतलं कपाट असेल तर मागच्या फळीला हात लावून पाहा, ओल लागली तर त्या कप्प्यात कपडे नकोत. आणि कपाट गच्च भरू नका. हवा खेळायला जागा नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवूनही उपयोग नाही.

काळ्या ब्लेझरवर पांढरी भुकटी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी धाग्यांत पसरते. बाल्कनीत नेऊन कोरड्या ब्रशने झटका, दोन तास ऊन द्या, मग ड्रायक्लीनला द्या.

पावसाळ्यासाठी काहीच न घेणं

मुसळधार पावसात घरात वाळत घातलेली जाड जीन्स दोन दिवस ओली राहते, कधी तीन. म्हणून पावसाळ्याचा हिशेब वाळण्यावर करायचा. आठवड्याला पाच दिवस बाहेर पडणाऱ्याला सहा वरचे आणि चार खालचे कपडे लागतात. खालचे गडद, पातळ, घोट्याच्या वर संपणारे. पातळ पॉलिएस्टर क्रेप किंवा जॉर्जेट रात्रभरात पंख्याखाली वाळतं. सुतीच हवं असेल तर मलमल घ्या, पॉपलिन नको. चिखलाचे शिंतोडे छापील गडद कापडावर खपून जातात.

रेयॉनचे कुर्ते ‘हलके आहेत’ म्हणून पावसाळ्यासाठी घेतात, हे थांबवा. रेयॉन ओला झाला की जड होतो, लोंबतो आणि कमजोर पडतो. पिळला तर शिलाईपाशी फाटतो.

थोडक्यात आवरण्यासारख्या चुका

नीळ, अजरख, बगरू अशी रंगवलेली-छापलेली कापडं: पहिल्यांदा घालण्याआधी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतली दुमड दहा वेळा घासून पाहा. रुमाल रंगला तर वेगळं धुवा, आणि पावसात घालू नका. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग पक्का होत नाही, हा गैरसमज पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

रेडिमेड शर्ट किंवा ब्लेझर घेताना पुरुष मंडळी पोटावर माप बघतात. खांदा बघा. शिलाई खांद्याच्या हाडावर यायला हवी. पोट आणि उंची शिंपी सुधारून देतो, खांदा सुधारणं जवळपास नवीन शिवण्याइतकंच काम आहे.

नवरात्रात नऊ रंगांचे नऊ स्वस्त कपडे घेणं ही तर दरवर्षीची उधळपट्टी. त्यातले सात पुढच्या वर्षी निघतच नाहीत. त्या रंगाची ओढणी किंवा ब्लाउज पुरतो. काळा, सोनेरी ब्रोकेड, खणाचा आणि एक पांढरा, असे चार ब्लाउज चांगल्या मापाचे असतील तर घरातल्या निम्म्याहून जास्त साड्यांना ते चालतात.

लेबलवरच्या इस्त्रीच्या खुणा वाचा: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. पॉलिएस्टरवर तीन ठिपक्यांची इस्त्री ठेवली की चकाकणारा डाग पडतो आणि तो निघत नाही.

पुण्या-नाशिकच्या थंडीसाठी जाडजूड स्वेटर नको. पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी ३० च्या घरात, म्हणजे अकराला तो हातात धरून फिरावं लागतं. पातळ जॅकेट, खादीचं नेहरू जॅकेट किंवा शाल अशी काढता-घालता येणारी वस्तू घ्या. लोकरीचे कपडे हँगरला टांगू नका, खांद्यावर उंचवटे येतात. गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्या आणि आडवे पसरून वाळवा.

कोल्हापुरी चपलेचं चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं असतं. ती जूनआधी कोरड्या फडक्याने पुसा, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, एक दिवस हवेत ठेवा, मग कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून द्या आणि ऑक्टोबरपर्यंत काढू नका. चुकून भिजलीच तर उन्हात ठेवू नका, तळ वाकतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, सावलीत वाळवा, बोळे ओले झाले की बदला. पूर्ण वाळल्यावरच पुन्हा तेल लावा, ओल्या चामड्याला तेल लावलं तर आतली ओल कोंडते आणि वास राहतो.