पुनर्विकासात चाळीची गॅलरी कशी मागून घ्यायची

पुनर्विकासाची बैठक लागली की सगळं बोलणं कार्पेट एरिया आणि भाड्याच्या चेकवर अडकतं. ते विचारायलाच हवं. पण गिरगावातल्या आमच्या चाळीच्या कमिटीत आहे म्हणून कळकळीनं सांगते, शेजारही त्याच बैठकीत मागून घ्या. नकाशे मंजूर झाल्यावर कुणी ऐकत नाही.

आधी एक रविवार काढा. सकाळी, दुपारी आणि जेवणं उरकल्यावर गॅलरीतून फिरा. कोण कुठे थांबतं, कशाला टेकतं, ते चाळीच्या साध्या आराखड्यावर खुणा करून मांडा. आमच्याकडे सगळ्यात जास्त खुणा जिन्याच्या तोंडाशी पडल्या. तिथे गॅलरी हातभर जास्त रुंद आहे, कठड्यावर कोपर टेकतात आणि खालचा चौक अख्खा दिसतो. मेथी निवडता निवडता चौकातल्या पोरांवर लक्ष ठेवायची जागा तीच.

हा कागद आर्किटेक्टपुढे ठेवा. टॉवरमध्ये लिफ्टबाहेर बहुतेक वेळा मधोमध अंधारा बोळ असतो, दोन्हीकडे बंद दारं. तिथे कोण दोन मिनिटं थांबणार? बोळाचं एक टोक तरी बाहेर उघडू द्या, उजेड-वारा आणि एक कट्टा मागा. कट्टा कोनाड्यात हवा. आग लागली तर सुटकेची वाट तीच, ती अडता कामा नये.

चौक पार्किंगखाली जाणार असेल तर तळमजल्यावर गणपतीपुरती मोकळी जागा धरून ठेवा. गिरगावातल्याच केशवजी नाईक चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो. पाचव्या मजल्यावरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरच्या गच्चीवर, रस्त्यावरचा माणूस सहज दर्शनाला शिरेल, असं मला वाटत नाही.

घरांच्या सोडतीकडे बारीक लक्ष द्या. ब्रिटिश काळात सरकारनं बांधलेल्या मुंबईतल्या बीडीडी चाळीत एकेका मजल्यावर १६० चौरस फुटांच्या वीस खोल्या, म्हणजे वीस घरांचा शेजार. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकल्या की तो विखुरतो. आधी जुन्या मजल्याप्रमाणे गट पाडा, प्रत्येक गटाला एकमेकांना लागून असलेले मजले द्या, मग गटातल्या गटात चिठ्ठ्या टाका. एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे फार गरजेचं आहे.

उपकरप्राप्त इमारतीला, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या मुंबईतल्या जुन्या इमारतीला, पुनर्विकासासाठी किमान ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. आपला जोर सह्या होईपर्यंतच. म्हणून कट्टा, मंडपाची जागा आणि सोडतीची पद्धत बिल्डरबरोबरच्या करारनाम्यात कलम म्हणून घाला, सोबत मापं टाकलेला नकाशा जोडा आणि नकाशावरही दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.